पिशवीचे पाच रुपये सगळ्याच दुकानांत घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या माशेल भागात माझं किराण्याचं दुकान आहे, आमच्याकडे पसरा म्हणतात त्याला. वडिलांनी घातलेला, त्यांच्यानंतर गेली सव्वीस वर्षं मीच बघतोय. तुमचा पेपर रोज सकाळी दुकानातच वाचतो पण पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काही पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

यंदा पहिला मोठा पाऊस पडला त्या दिवशी दुकानासमोरचं गटार तुंबलं आणि पाणी उलटं आत आलं. खालच्या फळीवरची उकड्या तांदळाची दोन पोती भिजली, साखरेचं एक गेलं. पंचायतीला फोन केला, माणसं येणार होती, पण पाऊस काय थांबतोय त्यांच्यासाठी? मग मी आणि दुकानातला पोरगा, दोघांनी मिळून गटारावरच्या दोन लाद्या सरकवल्या आणि पहारीने ओढून काढायला लागलो. माती थोडी, पालापाचोळा थोडा, बाकी सगळ्या पिशव्या. एकात एक अडकलेल्या, गाठी मारलेल्या, एक ओढली की मागून दुसरी, दुसरीच्या मागून तिसरी, दोरखंड ओढल्यासारखं. एकीत कांद्याची सालं, एकीत माशाचे कल्ले, एकीत कोणीतरी बाळाचं डायपर बांधून टाकलेलं. आणि त्यात एक पांढरी, निळ्या पट्ट्यांची. ती हातात आली आणि मी तिथंच थांबलो, कारण निळ्या पट्ट्यांची पिशवी या रस्त्यावर फक्त माझ्याच दुकानात असायची आणि ती मी बंद करून दोन वर्षं झाली. दोन पावसाळे गटारात काढून ती जशीच्या तशी होती, धुतली असती तर परत साखर बांधून देता आली असती.

म्हणून हे पत्र. पिशवी माझ्या हातातून गेलीय, तेव्हा बोलायचं तर आधी मीच बोललं पाहिजे असं वाटलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपल्या गोव्यात प्रत्येक दुकानाने, मॉल असो, पसरा असो, भाजीचा गाडा असो, नुस्तं (मासे) विकणारी बाई असो, पिशवी दिली तर तिचे पैसे घ्यायचे, सगळीकडे सारखे, निदान पाच रुपये, आणि हे सरकारने कायद्याने लावावं. एकेका दुकानदाराच्या मर्जीवर सोडू नये. मर्जीवर सोडलं की काय होतं ते मी स्वतः करून बघितलंय, ते पुढे लिहितो.

आधी हिशोब सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं पिशवी म्हणजे काय, किरकोळ गोष्ट. आमच्यासारख्या गावातल्या दुकानात दिवसाला शंभर-सव्वाशे पिशव्या सहज जातात. अर्धा किलो साखर, एक पिशवी. चार अंडी, एक पिशवी. कोणी एक साबण घेतला तरी हात पुढे करून म्हणतो पिशवी द्या. शंभरच धरा, वर्षाचे तीनशे दिवस धरा, तरी तीस हजार झाल्या, एका दुकानाच्या. आमच्या बाजारात लहानमोठी किती दुकानं आहेत, आणि अशी गावं किती, तुम्हीच गुणाकार करा. वर आपल्याकडे लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरात आणि वर्षाला येणारे पर्यटक कोटीच्या आसपास, त्यांच्यातला कोण घरून पिशवी घेऊन येतोय?

आता कायद्याचं बघा. लोकांना वाटतं पिशवीचे पैसे ही काहीतरी नवीन कटकट आहे. नाही हो. २०११ साली केंद्राचे प्लास्टिक कचऱ्याचे नियम आले त्यातच लिहिलेलं होतं की दुकानदाराने गिऱ्हाइकाला पिशवी फुकट द्यायची नाही. पिशवी कमीत कमी ४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची हवी हे पण त्यातच होतं. मग २०१६ साली नवे नियम आले, जाडी ५० वर नेली आणि ज्या दुकानदाराला प्लास्टिकची पिशवी द्यायची असेल त्याने पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणी करून वर्षाला कमीत कमी ४८ हजार रुपये भरायचे असं घातलं. आता मला सांगा, महिन्याला चार हजार रुपये भरून पिशवी देणारा पसरकार कुठे सापडणार? कोण भरणार होतं? २०१८ मध्ये ती अटच काढून टाकली. काढली ते ठीक, ती चालणारी नव्हतीच, पण तिच्याबरोबर पिशवीला दाम लावायचा विषयच बाजूला पडला तो आजपर्यंत. नंतर राहिली ती फक्त जाडी आणि बंदी. २०२१ च्या सप्टेंबरअखेरपासून ७५ मायक्रॉन, २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून १२०. मधे १ जुलै २०२२ ला स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, थर्माकोलच्या प्लेटी वगैरेंवर देशभर बंदी आली. त्यातल्या बऱ्याच वस्तू खरंच कमी झाल्या, मी बघतोय, स्ट्रॉ आता कागदाचा येतो. पण पातळ पिशवी काही गेली नाही. ती काऊंटरच्या वरून काऊंटरच्या खाली गेली एवढंच. तपासणीला कोणी येणार कळलं की बाजारभर अर्ध्या तासात बातमी पोचते आणि सगळ्या पिशव्या पोत्यांच्या मागे जातात, गाडी गेली की परत बाहेर.

दोन्ही पिशव्या मी माझ्या काट्यावर तोलल्यात. पातळवाली, नेहमीच्या आकाराची, तीन ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे किलोला तीनशेच्या वर येतात, एक पडते पन्नास-साठ पैशांना. त्याच आकाराची १२० मायक्रॉनची कायदेशीर पिशवी भरते वीस ग्रॅम, किलोला जेमतेम पन्नास, आणि एक पडते साडेतीन-चार रुपयांना. म्हणजे जो दुकानदार कायदा पाळतो त्याला पिशवी चार रुपयांची, जो पाळत नाही त्याला साठ पैशांची. साठ पैशांची वस्तू फुकट देता येते, चार रुपयांची नाही देता येत, अर्धा किलो साखरेत मला सुटतात तरी किती? सगळी गोम इथं आहे. बंदी घालणाऱ्यांनी हे काट्यावर तोलून बघायला पाहिजे होतं.

मी गेल्या वर्षी चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, ठरवलं की आता पातळ पिशवी नाही म्हणजे नाही. जाड आणल्या, दारावर आणि काऊंटरवर मोठ्या अक्षरात पाटी लावली, पिशवीचे वेगळे पैसे पडतील. दारावर मुद्दाम लावली कारण २०२० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने निकाल दिलेला आहे की गिऱ्हाइकाला आधी न सांगता बिल करताना पिशवीचे पैसे लावणं हा गैरव्यवहार. मला तो निकाल शंभर टक्के पटतो. सामान भरून झालं, रांगेत उभं राहून झालं आणि मग सांगायचं पिशवीचे बारा रुपये, आणि वर त्या पिशवीवर दुकानाचीच जाहिरात छापलेली, हे बरोबर नाही. पैसे घ्यायचे तर दारात सांगून घ्यायचे, आणि पिशवीवर कोणाची जाहिरात नको.

पहिला महिना दोन रुपये लावले, म्हणजे अर्धा तोटा मीच सोसत होतो. दोन रुपयांनी फारसं काही झालं नाही, लोक कुरकुरत देत होते आणि पिशवी नेतच होते. मग पाच केले. पाच केल्यावर मात्र फरक दिसला. पंधरा दिवसांत माणसं दुकानाच्या पायरीवर थांबून खिसे चाचपायला लागली, स्कूटरच्या डिकीतून पिशवी काढायला लागली, एक-दोघं तर परत घरी जाऊन घेऊन आली. शाळेतून येणारी पोरं अंडी न्यायला घरचा स्टीलचा डबा आणायला लागली. ज्यांना मी सव्वीस वर्षं विनवून सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं त्यांनी पाच रुपयांच्या नाण्याचं ऐकलं. आणि यात कोणाची चूक नाही, वस्तू फुकट मिळते तेव्हा माणूस तिचा विचारच करत नाही, मी पण करत नाही.

त्याच वेळी वाड्यावरच्या बायकांच्या स्वयंसाहाय्य गटाकडून जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या, साठ. वीस रुपये ठेवायचे, पिशवी न्यायची, परत आणली की वीस रुपये परत. जुन्या साड्या मुद्दाम घेतल्या. नवीन सुती पिशवी म्हणजे लगेच पर्यावरण वाचलं असं नसतं, कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब काढलेला की कापडी पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे हवामानाच्या हिशोबात ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. ज्यांच्या घरात कार्यक्रमात मिळालेल्या कापडी पिशव्यांचा ढीग पडलाय त्यांनी हे लक्षात घ्यावं. पिशवी कशाची आहे यापेक्षा ती किती वेळा बाजारात येते ते महत्त्वाचं. आणि दुकानात ती रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवी मिळते ना, तिला पण लोक कापडीच समजतात, ती कापड नाहीच, ते प्लास्टिकच आहे, उन्हात ठेवली की वर्षभरात भुगा होतो तिचा आणि तो भुगा मातीत जातो.

तर असं अडीच महिने चाललं आणि मग मला बंद करावं लागलं.

कारण पन्नास पावलांवर दुसरं दुकान आहे आणि तिथं पिशवी फुकट. त्याला मी दोष देत नाही, त्याची पण पोरंबाळं आहेत. पण माझ्याकडे दहा वर्षं महिन्याची यादी देणारं एक घर तिकडे गेलं, मग दुसरं गेलं. रोजची एक म्हातारी, तिचं सामान असतं तीस-चाळीस रुपयांचं, ती पाटी बघून म्हणाली, "कितें रे, आतां पोतयेचेय दुडू?" (काय रे, आता पिशवीचे पण पैसे?) आणि तेव्हापासून तिने माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. ते मनाला लागलं. तिला परवडत नव्हतं असं नाही, तिला वाटलं मी तिला परकं केलं. कोणी तोंडावर बोललं की याला आता पिशव्यांचा पण धंदा करायचाय. दिवाळीचं गिऱ्हाईक असं जायला लागल्यावर मी पाटी काढली. आज माझ्याकडे परत पिशवी फुकट मिळते, जाड दिली तर मी तोट्यात, म्हणून कधी रद्दीच्या कागदाच्या पुड्या, कधी पुठ्ठ्याचे खोके, आणि घाईच्या वेळी होलसेलवाल्याकडून आलेली पातळ पिशवी सुद्धा दिली आहे मी, खोटं कशाला सांगू. साड्यांच्या पिशव्या तेवढ्या अजून फिरतायत, साठातल्या चाळीसेक.

म्हणून म्हणतो की एकट्यादुकट्याने हे होत नाही. सगळ्या दुकानांत एकच दर असला की म्हातारी कुठे जाईल? तिला पण कळेल की हे माझ्या मनातून आलेलं नाही, सगळीकडे तसंच आहे.

हे जगात झालंय, मी नवीन काही सांगत नाही. आयर्लंडमध्ये २००२ च्या मार्चमध्ये प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचे, दुकानदाराने आपल्या खिशातून भरायचे नाहीत असा नियम, आणि जमा झालेला पैसा पर्यावरणाच्या वेगळ्या फंडात. त्याआधी माणशी वर्षाला ३२८ पिशव्या वापरल्या जायच्या असा त्यांचा अंदाज होता, त्या २१ वर आल्या. नंतर हळूहळू परत वाढायला लागल्या तेव्हा २००७ मध्ये दर २२ सेंट केला. दर एकदा लावून झोपायचं नाही, बघत राहायचं, हे त्यातून घेण्यासारखं.

माझी भाची इंग्लंडात स्विंडनला असते, आपल्या गोव्याची किती माणसं तिथं आहेत हे वेगळं सांगायला नको. ती दोन वर्षांपूर्वी चवथीला आलेली. बाजारात माझ्याबरोबर फिरताना प्रत्येक गाड्यावर ती पर्समधून घडी घातलेली पिशवी काढायची आणि भाजीवाली तरी पण सवयीने प्लास्टिकमध्ये बांधायला जायची, दोघींची ओढाताण. मी विचारलं, तुला ही सवय कधी लागली, तू तर इथं असताना हात हलवत यायचीस. ती म्हणाली मामा, तिकडे पैसे पडतात ना. एवढंच कारण. इंग्लंडमध्ये २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये ५ पेन्स लावले, तेव्हा छोट्या दुकानांना सूट होती, मोठ्यांनाच सक्ती. २०२१ च्या मे महिन्यात १० पेन्स केले आणि छोट्या दुकानांची सूट पण काढली. तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमधल्या पिशव्या ९५ टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं त्यांचं सरकार सांगतं. आपल्याकडे असं काही करायचं ठरलं की लगेच कोणीतरी उठेल आणि म्हणेल छोट्या दुकानदाराला यातून वगळा, त्याच्यावर अन्याय नको. मी छोटा दुकानदार आहे आणि मी सांगतो, वगळू नका. आम्हाला सूट दिली की फुकटची पिशवी मागायला सगळे आमच्याकडेच येणार, आणि ती देता देता आमचंच दिवाळं निघणार.

नुसत्या बंदीचं काय होतं ते बांगलादेशात बघा. १९८८ आणि १९९८ च्या पुरात ढाक्याची गटारं पिशव्यांनी तुंबली हे बघून त्यांनी २००२ मध्ये देशभर बंदी घातली, असं करणारा जगातला पहिला देश. पण पिशव्या बाजारात राहिल्याच, इतक्या की २०२४ मध्ये त्यांना परत नव्याने मोहीम काढावी लागली. आपल्या शेजारी मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पण गटारं तुंबण्यात पिशव्यांचं नाव आलं, बंदी आली, २०१८ मध्ये आणखी कडक बंदी आली. आणि मी मागच्या वर्षी दादरला गेलेलो तेव्हा भाजी मला पातळ पिशवीतच मिळाली.

आमच्याकडे गटाराचं पाणी शेवटी कुंभारजुव्याच्या खाडीकडे जातं. लोकांना वाटतं वाहून गेलं म्हणजे गेलं. माझ्या चुलत्यांचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेलं शेत, आहे खाडीच्या कडेला, दोन तुकडे, अजून भात करतात. खाजनाचं सगळं अवलंबून असतं ते मानशीवर. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, मानस म्हणजे बांधात बसवलेला लाकडी दरवाजा, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा तो उघडतो आणि भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतो, त्यामुळे खारं पाणी शेतात शिरत नाही. वाडवडिलांनी केलेली सोय, मोटर नाही, वीज नाही. आता त्या दाराच्या फटीत पिशव्या येऊन बसतात. दोन बोटं जाडीचा गठ्ठा जरी अडकला तरी दार पूर्ण मिटत नाही, रात्रभर खारं पाणी आत येत राहतं, आणि सकाळी बघावं तर रोपं पिवळी. चुलते आता सत्तरीत, भरतीच्या आधी बॅटरी घेऊन जातात आणि आकडीने पिशव्या ओढून काढतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. मानशीवर नुस्तं धरायची पावणी (लिलाव) होते दरवर्षी, ज्याने घेतलेली तो माणूस पण तिथंच होता, त्याने जाळं उचललं तर त्यात पाच-सहा शेवटे मासे, थोडी सुंगटं (कोळंबी) आणि बाकी प्लास्टिक. तो काही बोलला नाही, नुसता निवडत बसला. त्या निवडलेल्या पिशव्यांतल्या किती माझ्या दुकानातल्या असतील हे मी तिथं उभा राहून मोजायचा प्रयत्न करत होतो.

आता लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण अडीच महिने मी रोज ऐकलंय.

गरिबाला भुर्दंड, हे पहिलं. माझा अनुभव उलटा आहे. रोजंदारीवर जाणारी माणसं, भाजी विकायला येणाऱ्या बायका, यांच्या हातात पिशवी असतेच, त्यांनी मला एकदा पण पाच रुपये दिले नाहीत. पैसे दिले ते गाडी उभी करून, एसी चालू ठेवून, दोन मिनिटांसाठी उतरणाऱ्यांनी. पिशवी आणली तर शून्य रुपये, हा असला भुर्दंड कुठे मिळतो?

दुसरं, नुस्तं कशात न्यायचं. हे मात्र खरंच अवघड आहे आणि यावर मी उगाच सोपं बोलणार नाही. नुस्त्याचं पाणी गळतं, बसमध्ये वास येतो. पण आमच्या लहानपणी प्रत्येक घरात दाराच्या मागे खिळ्याला नुस्त्याची पिशवी वेगळी लटकवलेली असायची, तिला दुसरं काही लागायचं नाही आणि ती दुसऱ्या कशाला लागायची नाही. आई नुस्तं करून झालं की ती राखेने घासून उन्हात टाकायची. आज डबा नेता येतो, झाकणाचा. बाजारातल्या बायका डब्यात द्यायला तयार असतात, मी विचारलंय, त्यांना तरी पिशव्या विकत आणायची हौस कुठे आहे, त्यांचेही पैसेच जातात. उलट त्याच विचारतात, "बाय, पोती हाडूंक ना गो?" (बाई, पिशवी आणली नाहीस का गं?) पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पाव घेऊन येतो तेव्हा अजून कितीतरी घरांच्या गेटला कापडी पिशवी अडकवलेली असते, तो त्यात पाव टाकून पुढे जातो. म्हणजे सवय पूर्ण मेलेली नाही, पावाच्या बाबतीत जिवंत आहे.

तिसरं, पाच रुपये देऊन लोक पिशवी नेणारच. काही नेतील. म्हणून दर नीट ठेवायला पाहिजे आणि जाड पिशवी परत घेण्याची सोय पाहिजे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पातळ पिशवीवर बंदी घालून जाड पिशवी निदान १० सेंटला विकायला परवानगी दिली, तर लोक जाडसुद्धा एकदा वापरून टाकायला लागले, प्लास्टिक वजनात उलट वाढलं, शेवटी २०२४ मध्ये कायदा बदलून जाड प्लास्टिक पिशव्यांनाही काऊंटरवर बंदी करावी लागली. माझ्या काट्यावरचा हिशोब आठवा, एक जाड म्हणजे सहा-सात पातळ.

सरकारकडे माझं मागणं फार मोठं नाही. एक दर ठरवा आणि तो दुकानदाराने बिलावर किंवा पाटीवर दाखवलाच पाहिजे असं करा. पिशवीची जी खरेदी किंमत आहे ती दुकानदाराला राहू दे, वरचा पैसा पंचायतीकडे किंवा पालिकेकडे जाऊ दे, आणि त्याचा हिशोब दर महिन्याला पंचायतीच्या बोर्डावर लागू दे, सुका कचरा उचलायला किती, गटारं उपसायला किती. पैसा कुठे गेला ते दिसलं तर लोक देतात, नाही दिसलं तर मग पिशव्यांचा धंदा म्हणणाऱ्यांचं खरं ठरतं. साळगावला एवढा मोठा कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, काकोड्याला दुसरा झाला, पंचायतींनी सुक्या कचऱ्याच्या शेड बांधल्या, पणजीत घरोघरी वेगळा केलेला कचरा कितीतरी वर्षं उचलतायत, ही कामं चांगलीच आहेत. पण हे सगळं पिशवी टाकल्यानंतरचं आहे. ज्याचा पुनर्वापर होत नाही ते प्लास्टिक गठ्ठे बांधून ट्रकने कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला पाठवतात, त्याचा खर्च कोण करतो, आपणच ना? मग तो खर्च काऊंटरवर दिसू दे की.

आणि पातळ पिशवी जिथून येते तिथं पकडा. आमच्याकडे ती आभाळातून पडत नाही. होलसेल बाजारात किलोवर मिळते, गाडीतून येते. दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्या बाईला दंड करून फोटो काढण्यापेक्षा ती गाडी एकदा अडवा. २०१६ च्या नियमातल्या त्या ४८ हजारांचं हेच चुकलं होतं, भार शेवटच्या माणसावर.

तामिळनाडूने २०२१ च्या डिसेंबरमध्ये मंजप्पै, म्हणजे त्यांच्याकडची जुनी पिवळी कापडी पिशवी, परत आणायची मोहीम सुरू केली आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात मशीन बसवलं, दहा रुपयांचं नाणं टाका, पिशवी बाहेर येते. आमच्या बायकांच्या गटांना असं काम मिळालं तर कदंबच्या प्रत्येक बसस्टँडवर हे करता येईल, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात करता येईल. विसरलेल्या माणसाला पण वाट राहते.

आता चवथ येईल. माटोळीचा (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिचा) बाजार आमच्या माशेलात भरतो तो बघण्यासारखा असतो, कांगलां, आंबाडे, नारळाच्या पेंडी, सुपाऱ्यांचे घोस, सगळं रानातलं आणि कुळागरातलं, पानात गुंडाळलेलं, वेलाने बांधलेलं. आणि ते सगळं माणसं नेतात प्लास्टिकच्या पिशवीतून. त्या दोन-तीन दिवसांत जेवढ्या पिशव्या जातात तेवढ्या एरवी महिन्यात जात नसतील. सरकारला कायदा करायला वेळ लागेल हे कळतंय, पण पंचायतीने आणि बाजारातल्या आम्ही सगळ्या दुकानदारांनी बसून निदान चवथीच्या बाजारापुरता एक दर ठरवायला काय हरकत आहे? बैठक कोणी बोलावली तर माझ्या दुकानाच्या मागची खोली रिकामी आहे, चहा माझ्याकडून. पन्नास पावलांवरच्या शेजाऱ्याशी मी काल बोललोय, तो म्हणाला तू लाव, मी पण लावतो, पण दोघांनी एकाच दिवशी. साड्यांच्या आणखी शंभर पिशव्या शिवायला दिल्यात. पत्र चवथीच्या आधी छापता आलं तर बरं होईल.

आपला,
एक पसरकार
माशेल, फोंडा